गाव ज्याच्या पाया पडतं

भक्तीला व्यसन म्हणायचं का, यावरून आमच्या मामांचं आणि ताईचं गेल्या एकादशीला चांगलंच वाजलं. मामा फलटणकडचे, निवृत्त शिक्षक. गळ्यात तुळशीची माळ, तरुणपणापासून माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी, आणि अधूनमधून स्वतः कीर्तनाला उभे राहतात. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची सगळी आखणी त्यांच्याकडे असते. ताई, माझी थोरली बहीण, पुण्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. भिडेखातर गप्प बसणं दोघांनाही जमत नाही. मी शेजारी बसून ऐकत होतो. जे ऐकलं ते इथे उतरवतो आहे, आणि मला जिथे राहवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

वाद निघाला तो मामांच्या दिंडीतल्या एका माळकऱ्यावरून. या गृहस्थांना काही वर्षांपूर्वी दारूनं पार खाल्लं होतं. मामांनीच त्यांना आळंदीला नेऊन माळ घातली आणि दारू सुटली. तेव्हापासून थेंब नाही. पण आता वर्षातला बराच काळ ते या गावच्या सप्ताहातून त्या गावच्या सप्ताहात असतात. शेत वाट्यानं दिलंय. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी येत्या सप्ताहात काल्याच्या पंगतीसाठी देऊन टाकले. अंगात साखरेचा आजार आहे, तरी उपासाच्या दिवशी गोळी घेत नाहीत, आणि उपासाचे दिवस वाढतच चाललेत. त्यांची बायको पुण्याला येऊन ताईला भेटली.

मामा : तुला भेटली आणि तू लगेच निदान करून मोकळी झालीस? अगं, व्यसन काय असतं ते मी तुझ्याइतकंच जवळून पाहिलंय. याच माणसाला एसटी स्टँडमागून उचलून घरी आणलंय मी, किती वेळा. ते आणि हे नामस्मरण तू एका तागडीत घालतेस?

ताई : नाही घालत. उलट आधीच सांगते, भक्तीचं व्यसन नावाचा आजार आमच्या कुठल्याही पुस्तकात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात जुगार आहे, मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या खेळांचं व्यसन आहे. भक्ती नाही, आणि नसावीच. उद्या कुणी ती त्यात घालायला निघालं तर मी विरोध करीन.

मामा : मग भांडतेस कशाला?

ताई : आजाराला नाव नसलं म्हणून घराची दशा थांबत नाही ना. दारू पिणाऱ्याच्या घरच्यांना जे प्रश्न विचारते तेच त्या बाईंना विचारले. मात्रा वाढत गेली का? आधी पहाटेचा काकडा होता, मग जागर आला, मग परगावचे सप्ताह. एखादा दिवस चुकला तर काय होतं? म्हणाल्या, घरात भांडी आपटतात, कुणी बोललं तर अंगावर धावून येतात. नुकसान डोळ्यांना दिसतंय तरी हात आवरता येतो का? नाही. बाकीचं सगळं मागे पडलं का? पोरीची परीक्षा कधी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. सांगा आता, मी याला काय म्हणू?

मामा : तुझे हे प्रश्न घेऊन गेलीस तर एकही संत त्यातून सुटायचा नाही. नामदेवांचं शिवणकामावरून लक्ष उडालं. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे. तेरच्या गोरोबांना भजनाच्या तंद्रीत पायाखाली काय आलं ते कळलं नाही. गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडलं ते सोडलंच. या सगळ्यांना तुझ्या केंद्रात भरती केलं असतं तर पंढरपूरची, नाशिकची धर्मशाळा कुणी बांधली असती? गावं झाडायला कुणी शिकवलं असतं? पंधरा दिवसांनी मोजून आणि डॉक्टरला विचारून देवावर प्रेम करता येत नाही, बाई.

हा मुद्दा झटकून टाकता येण्यासारखा नाही. ज्यांच्यामुळे मराठी माणूस मराठी झाला त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी घरातल्यांच्या मनाविरुद्ध मोठा धोंडा उचललेला आहे. मोजूनमापून भक्ती करणाऱ्यांची गाथा झाली नाही. ताईनेही तो मुद्दा झटकला नाही. ती तुकोबांकडेच वळली.

ताई : मामा, तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. सगळी?

मामा : नाही. अर्धी. धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्यांच्या हवाली केला, आणि उरलेली, म्हणजे स्वतःच्या वाट्याची बुडवली.

ताई : तुम्हीच कीर्तनात सांगता हे. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दुकान बसलं, तरी त्या माणसानं भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आणि तुमच्या या माळकऱ्यांनी पोरीच्या वाट्याची फी बुडवली. स्वतःचं जेवण सोडलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. ते दुसऱ्याचं सोडतायत.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बरोबर आहे. पण त्यांच्या दुसऱ्या पत्नी जिजाईंनीही काही कमी सोसलं नाही. भाकरी घेऊन उन्हात डोंगर चढायच्या. म्हणून काय तुकोबांनी लिहायचं थांबवायला हवं होतं?’

मामा : मोठं काही घडायचं असेल तर त्याची झळ घरात कुणाला तरी बसतेच. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या बायकांना बसली. तुझ्या पुण्यात कंपनीत रात्री बारापर्यंत बसणाऱ्याची पोरं बापाला रविवारी बघतात. त्याला तुम्ही बढती देता. आणि इथे एक माणूस दारू सोडून देवाचं नाव घेतो तर त्याचा हिशेब मागता?

ताई : त्या कंपनीवाल्यांच्या बायकाही येतात माझ्याकडे. त्यांचं ऐकणारं कुणीतरी असतं, आई असते, मैत्रीण असते. या बाई काय म्हणाल्या ते ऐका. म्हणाल्या, ‘पीत होते तेव्हा सगळं गाव माझ्या बाजूनं होतं. सासरेसुद्धा. आता गाव त्यांच्या पाया पडतं. मी काही बोलले तर मलाच विचारतात, देवाच्या आड का येतेस.’

या वाक्यापुढे मला बाकीचा सगळा वाद दुय्यम वाटतो. दारुड्याला थांब म्हणणारे पावलोपावली भेटतात. त्याला स्वतःलाही आतून लाज असते, आणि त्या लाजेचा दोर धरून त्याला बाहेर काढता येतं. भक्तीत अति करणाऱ्याला थांबवायला कुणी उरत नाही. जो जास्त जागतो त्याच्या हातात वीणा जास्त वेळ दिली जाते. जो जास्त उपास करतो त्याचं नाव माइकवरून घेतलं जातं. जो ऐपतीबाहेर देतो त्याला शाल आणि श्रीफळ मिळतं. देणाऱ्याच्या घरात चूल कशी पेटते हे विचारणं अभद्र समजलं जातं. म्हणजे त्या माणसाला जे लागलंय ते एकट्याचं नाही. गर्दी त्याला रोज नवा घोट पाजत असते, आणि गर्दीतला प्रत्येक जण घरी जाऊन आपल्या पोरांबरोबर जेवतो.

मामांना हे टोचलं असावं, कारण ते त्या गृहस्थांची बाजू अधिक जोरात मांडू लागले.

मामा : तू त्याला पाहिलं नाहीस वारीत. गेल्या आषाढीला अनवाणी चालला. पायात काच रुतली, रक्त चपलांच्या ठशासारखं रस्त्यावर उमटत होतं, आणि याला पत्ता नाही. मी दाखवल्यावर हसला. म्हणाला, पांडुरंगानं दुखणं काढून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चार कीर्तनांत सांगितलंय मी हे.

ताई : मामा, ते दुखणं पांडुरंगानं काढून घेतलेलं नाही.

मामा : तुझा विश्वास नसेल.

ताई : साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. काच रुतो, निखारा लागो, कळत नाही. म्हणूनच साखरेच्या रुग्णाला आम्ही घरातसुद्धा अनवाणी फिरू नका म्हणतो, रोज रात्री तळपाय आरशात बघायला सांगतो. त्या बाईंनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. करंगळी काळी पडलीय. शेजारच्या बोटापर्यंत काळं सरकलंय. डॉक्टरांनी करंगळी काढायला सांगितलीय, आणि हे म्हणतात, सप्ताह झाल्यावर बघू.

मामांनी फोटो मागितला. ताईने तो त्या बाईंच्या परवानगीशिवाय दाखवला नाही, आणि मला ते योग्य वाटलं. मामा बराच वेळ स्वतःच्याच पायांकडे बघत राहिले. ते म्हणाले की फोटोची गरज नाही. त्या पायाला मी स्वतः पट्टी बांधली होती, वास मलाही आला होता.

मामा : बरं. पण तू आता काय करणार? त्याला बोलावून भक्ती कमी कर म्हणणार? तो आणखी करील. त्याला वाटेल देव परीक्षा बघतोय. आणि माळ काढायला लावलीस तर संध्याकाळी गुत्त्यावर दिसेल. हे तुला चालेल?

ताई : माळेला मी हात लावणार नाही. तुम्हाला वाटतं तितकी मी देवाच्या विरोधात नाही. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू केली. तिच्या बारा पायऱ्यांत आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणं सुरुवातीलाच येतं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना तेवढा एकच आधार पुरतो. पण त्याच बारांत आठवी आणि नववी पायरी आहे. आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथे त्यांची भरपाई करायची. यांची दारू सुटली, पण ती पायरी चढायची राहिली. जे देणं बायकोचं आणि पोरीचं होतं ते सगळं त्यांनी देवाच्या खात्यावर भरलं. देवानं काही ते मागितलं नव्हतं.

मामा : आमच्याकडेही हे सगळं सांगितलेलं आहे. गीतेचा सहावा अध्याय काढ. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. सदा झोपणाऱ्याला नाही, सदा जागणाऱ्यालाही नाही. सतराव्यात तर शरीराला जाचणाऱ्या तपाला आसुरी म्हटलंय. आमचा संप्रदाय संसारी माणसांचा आहे. एकादशी करायची तर द्वादशीला पारणं सोडलंच पाहिजे. वारीला जायचं तर परत यायचंच. आमच्यात उपासाचे दिवस मनानं वाढवायला कुणी सांगितलेलं नाही.

ताई : मग हे त्यांना तुम्ही सांगितलंत का?

मामा : (थांबून) तो माझ्या पुढे गेला असं वाटत होतं. पुढे गेलेल्याला काय सांगायचं?

इथे ताईने एक गोष्ट सांगितली, ती वाचकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. भक्तीचा अतिरेक म्हणून जे दिसतं ते सगळं एकाच जातीचं नसतं. सोवळ्यात कुणी शिवलं की काय या भीतीनं दिवसातून कितीदा तरी अंघोळ करणारी, जपात एक मणी चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून माळ ओढणारी बाई बहुधा मंत्रचळानं त्रासलेली असते. तिला त्यात आनंद नसतो, सुटकाही नसते, आणि औषधांनी व समुपदेशनानं तिला बराच आराम पडतो. कुणी अचानक झोपेनासा होतो, देव माझ्याशी बोलतो म्हणतो, हातातलं सगळं वाटत सुटतो, तेव्हा तो उन्मादाचा झटका असू शकतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, देवऋषाकडे दिवस घालवायचे नाहीत. आणि तिसरे हे गृहस्थ, ज्यांना भजनात खरोखर सुख मिळतं, आणि घरातल्या जगण्यात जे बोचतं त्यापासून तेवढ्यापुरती सुटका मिळते. पहिल्या दोघांना डॉक्टर लागतो. तिसऱ्याला डॉक्टर पायाला लागेल. बाकी त्याला त्याचं ज्याच्यापुढे चालत नाही असा कुणीतरी लागतो.

गोरोबांचा विषय मामांनी पुन्हा काढला. म्हणाले, त्या कथेतही बाप चुकतो, बायको आकांत करते, पण शेवटी पंढरपूरच्या कीर्तनात पायाखाली गेलेलं मूल परत येतं. विठ्ठल अशी भक्ती वाया जाऊ देत नाही.

ताई : कथेत येतं मामा. कापलेलं बोट परत येत नाही. वर्ष वाया गेलेली पोरगी पुन्हा सतरा वर्षांची होत नाही. आणि त्या कथेत गोरोबांच्या बायकोचं रडणं कुणी दाबून टाकलेलं नाही, हेही सांगा ना लोकांना.

मामा : रडणं दाबलेलं नाहीच. तुला वाटतं आमच्या परंपरेनं बायकांचं ऐकलं नाही? नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई बोलतात. आई थेट विठ्ठलाशी भांडते, माझं लेकरू मला परत दे म्हणते. बायको घरात काय नाही त्याचा पाढा वाचते. हे अभंग कुणी काढून टाकले नाहीत.

ताई : तुम्ही एवढी कीर्तनं केलीत. राजाईचा अभंग निरूपणाला कधी घेतलात?

मामा : नाही घेतला.

मामांच्या या उत्तरात मला संकोचापेक्षा आश्चर्य जास्त दिसलं. माझं मत विचाराल तर त्या अभंगांचं खरं मोल इथेच आहे. देवाच्या तोंडावर घरातली तक्रार मांडायला ज्या परंपरेत जागा आहे, तिथल्या माणसाला त्या बाई देवाच्या आड आल्या असं म्हणताच येत नाही. राजाईची तक्रार गाथेत बसते आणि शेजारच्या बाईची तक्रार पारावर बसत नाही, हा दोष गाथेचा नाही.

एवढ्यात मामी भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन आल्या. त्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. ताईनं त्यांना विचारलं, मामा इतकी वर्षं आषाढात वारीला जातात, तुम्हाला कधी राग नाही आला?

मामी : आला की. पेरणी केल्याशिवाय यांनी कधी पाऊल बाहेर टाकलं नाही, हे खरं. पण कोळपणी कुणी केली? तान्ही पोर कडेवर घेऊन मी केली. फक्त एक होतं. निघायच्या आधी हे विचारायचे, जाऊ का म्हणून. एका वर्षी सासूबाई अंथरुणाला होत्या, मी म्हटलं नका जाऊ. नाही गेले. तोंड पाडून बसले महिनाभर, पण नाही गेले.

मामा : (हळूच) तिला त्यानं विचारलं नसेल कधी.

मामी : विचारायला माणूस घरात तर पाहिजे.

यानंतर बोलणं एकदम कामाचं झालं. मामा उठले आणि सप्ताहाच्या पहाऱ्याचा तक्ता घेऊन आले. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात. मोठ्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं आखलेले रकाने, वर तिथ्या, डाव्या बाजूला वेळा. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार, हे कुणाला नको असतात. त्या बहुतेक रकान्यांत त्या गृहस्थांचंच नाव होतं, आणि दोन रात्री ते लागोपाठ होतं, म्हणजे बारा ते चार सलग उभं राहणं, त्या पायावर.

ताई : ही नावं कुणी घातली?

मामा : मी. दुसरं कोण तयार होतं?

त्यांनी लाल पेन घेतलं आणि रात्रीचे सगळे पहारे खोडले. एकच ठेवला, दुपारी चार ते सहाचा, खुर्चीवर बसून. ताईने तोही खोडायला सांगितलं. मामा ऐकेनात. एकही पहारा दिला नाही तर गावात त्याची नाचक्की होईल, आणि नाचक्की झालेला माळकरी कुठे जातो ते मला माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं. ताईचं म्हणणं असं की शस्त्रक्रिया आधी, पहारा नंतर. आणि तो दवाखान्यात असताना वीणा घ्यायला गावातल्या दहा तरण्या पोरांना उठवा, एवढी भक्ती गावात नसेल तर सप्ताह कशाला करता? यावर मामा चिडले, पण पेन पुन्हा हातात घेऊन चार ते सहाच्या रकान्यावर बारीक प्रश्नचिन्ह केलं.

पंगतीच्या पैशांवर मात्र जुळलं नाही. देवाला दिलेलं परत मागता येत नाही, मंडळातले लोक मला फाडून खातील, असं मामा म्हणत राहिले. ताई म्हणत राहिली की ते पैसे देवाला दिले तेव्हा ते त्यांचे नव्हतेच. शेवटी मामींनी विचारलं की काल्याची पंगत यंदा आपल्या घरची धरली तर चालेल का, आणि त्यांनी दिलेली रक्कम कॉलेजात भरता येईल. मामा म्हणाले, आपल्याकडे तरी एवढे कुठे आहेत. मामी म्हणाल्या, गहू घरचा आहे, बुंदीऐवजी लापशी करू. फी भरायची मुदत सोमवारपर्यंत होती. मामांनी मंडळाच्या खजिनदाराला फोन लावला, आणि पलीकडून आवाज इतका चढला की तो आम्हाला सोप्यात ऐकू येत होता.